थोरवाल्डचा ब्रेक

आमच्या तान्ह्या इंगेरचा बाप्तिस्मा झाला त्या वसंतात डेन्मार्कमधल्या आर्हूसच्या बंदराजवळच्या करमणुकीच्या बागेत, लाकडी रोलर कोस्टरवर मला ब्रेकवाल्याची नोकरी लागली. ब्रेकवाला गाडीतच बसतो. आधीचा ब्रेकवाला थोरवाल्ड हिवाळ्यात वारला होता. मी हात लावण्याआधीच वळणावर ब्रेकचा दांडा आपोआप मागे ओढला जाई. गाडी रखडे, लोक हसत. मालकाने मला हे थांबवायला आठवड्याची मुदत दिली, नाहीतर नोकरी जाणार होती.

मी थोरवाल्डच्या बायकोला, आग्नेतेबाईंना, गाडीत बसवलं. वळण आलं तशा त्या माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेला म्हणाल्या, “अहो, या पोराच्या घरी तान्हं बाळ आहे. सोडा तो दांडा. जन्मभर कधी वेळेवर घरी आला नाहीत, आता तरी चला.”

दांडा सैल पडला आणि गाडी मोकळी धावली.

दांडा पुन्हा कधी आपोआप ओढला गेला नाही, आग्नेतेबाई १९३८च्या नोव्हेंबरात वारल्या तोवर आणि त्यानंतरही.