चोवीस दिवसांचा जपी

सकाळी दहालाच त्या दोन खोल्यांच्या घरात मुंगीला शिरायला वाव नव्हता. जिन्यात चपलांचा खच, आणि आतल्या खाटेवर भक्तांच्या गराड्यात चोवीस दिवसांचे बाळ. ते दोन महिने आधीच जन्मले होते आणि चारच दिवसांपूर्वी रुग्णालयातून घरी आले होते. वजन करायला आलेली परिचारिका काटा छातीशी धरून कशीबशी पुढे सरकली.

"सिस्टर, हळू! जप चाललाय," बाळाच्या आजीने दटावले.

बाळाचे ओठ खरोखरच एका लयीत हलत होते. डोळे एका कोपऱ्यात खिळले होते, पाय सायकल मारल्यासारखे चालले होते.

"एवढासा जीव बघा," एक शेजारीण म्हणाली. "नाहीतर आमचे हे! साठी उलटली तरी तोंडात देवाचं नाव नाही."

उशाशी बसलेल्या महाराजांनी हात उंचावला. "मागच्या जन्मीचा जप अपुरा राहिला, म्हणून हा घाईने आला. परवापासून यानं दूधही वर्ज्य केलंय! देह पाहा, योग्यासारखा शीतल!"

रोगाची एकेक खूण उचलून तिला विभूतिपद बहाल करण्याची ही विद्या कोणत्याही ग्रंथात नाही. तिला फक्त श्रोते लागतात.

परिचारिकेने दुपटे बाजूला केले. बेंबीवर मंतरलेली राख ओली होऊन चिकटली होती. टाळू फुगली होती. तिने बाळाचे पाऊल मुठीत धरले. नुसती थरथर असती तर धरताच थांबली असती. पाऊल मुठीतही ठेक्याने झटके देत राहिले.

"महाराज, थांबवा हा जप."

"समाधी मोडणं महापाप आहे, बाई."

तेवढ्यात ओठ आपोआप थांबले.

"बरं, मग आता सुरू करून दाखवा."

महाराजांनी डोळे मिटून मंत्र लांबवला, लांबवला, आणि एक डोळा किलकिला करून मनगटावरच्या घड्याळात पाहिले. "शुभ घटिका वीस मिनिटांनी आहे."

"घटिका कसली? आकडी आहे ती! म्हणजे दर वीस मिनिटांनी येते तर. तुम्ही वेळ हेरलीत आणि मंत्र तेवढा ताणलात."

"मी परवाच म्हटलं होतं, हा दूध ओढत नाही," बाळाची आई कोपऱ्यातून पुटपुटली.

"तू गप्प बस!" आजी कडाडली. "पदरात पुण्य पडतंय ते सांडू नकोस."

आईने आयुष्यात प्रथमच सासूचे ऐकले नाही. बाळाला उराशी धरून ती परिचारिकेच्या मागोमाग जिना उतरली.

रुग्णालयात बाळाच्या पाठीच्या कण्यातून काढलेले पाणी निर्मळ असायला हवे होते. ते गढूळ आले.

"मेंदूच्या आवरणात पू झालाय," डॉक्टर म्हणाले. "जंतू बेंबीतून शिरले की आणखी कुठून, ते सांगता येणार नाही. औषध सुरू केलंय. जीव वाचेल कदाचित. मेंदूचा बराच भाग मात्र गेलाय."

"पण ताप नव्हता हो!" आई म्हणाली.

"अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ताप येतोच असं नाही. ते गार पडतं."

"परवा आणलं असतं तर?"

डॉक्टरांनी खोटा धीर दिला नाही. "तर बरंच वाचलं असतं."

जीव वाचला. महिन्यानंतरही आईच्या हाकेने त्या डोळ्यांत काही हलले नाही. गल्लीत मात्र निकाल लागला होता: सिस्टरने समाधी मोडली, म्हणून पोर वाया गेले. महाराजांचा दरबार पलीकडच्या गल्लीत भरू लागला.

नवजात बाळ उपास करीत नाही, तप करीत नाही. ते दूध सोडते, गार पडते, एका लयीत ओठ हलवत राहते, तेव्हा ते आजारी असते. त्याला मोठे नाव देण्याची घाई करू नका. दवाखान्यात नेण्याची करा.