जाळायची राहिलेली पेटी

मी एक जुनी मधपेटी आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगते, माझ्या रंगावर जाऊ नका. हा निळा रंग नवा आहे. आतलं लाकूड जुनंच आहे, आणि त्यात काय दडलंय ते मला पक्कं ठाऊक आहे.

मला एका बडबड्या सुताराने घडवलं. रंधा मारताना म्हणायचा, "पोरी, तुझ्यात राणी राहणार आहे, फट ठेवून चालणार नाही!" खरंच एक फट ठेवली नाही पठ्ठ्याने. मग मी या घरी आले. लहानसं घर, मागे भाजीची बाग, कडेला कोंबड्यांचं खुराडं. घरात नणंद-भावजय. नणंद म्हणजे ताई, ती मधमाश्या पाळायची. भावजय म्हणजे वहिनी, ती कोंबड्या आणि भाजी बघायची. मला भोपळ्याच्या वेलाशेजारी विटांवर बसवलं. काय दिवस होते ते! माझ्या पोटात दिवसभर गुणगुण, आणि बागेत काकड्या-भोपळे नुसते लगडलेले. मध काढला की ताई माझ्या झाकणावर थाप मारायची. "गुणाची गं माझी बाई!"

मग एका वर्षी माझ्यातून घाण वास येऊ लागला. माश्यांची पिल्लं आतल्या आत कुजत होती. ताईने एका मेलेल्या अळीत काडी खुपसून वर ओढली, तर तपकिरी, चिकट तार निघाली. ताईचा चेहरा पांढराफटक पडला.

या आजाराने पिल्लं मरतात, पण आजार मरत नाही. तो लाकडात शिरतो आणि वर्षानुवर्षं गप्प बसतो. म्हणून अशी पेटी जाळायची असते. ताईने खड्डा खणला आणि पोळ्यांच्या चौकटी, मेण, माश्या, सगळं जाळलं. माझी पाळी आली तेवढ्यात वहिनी धावत आली.

"अहो वन्सं, इतकं धडधाकट लाकूड! जाळायला माझा तर जीवच होत नाही बाई. कोंबड्यांना अंडी घालायला द्या की."

ताई रडून रडून दमली होती. "ने. कोंबड्यांना हा आजार होत नाही. पण पुन्हा माश्यांसाठी वापरशील तर बघ!"

"मी कशाला वापरतेय!"

जीव वाचला म्हणून मी किती खूश झाले होते! वेडीच मी.

खुराड्यात माझी बरीच वर्षं गेली. कोंबड्यांची जात महाभांडखोर. बाकीच्या जागा रिकाम्या सोडून दोघी-दोघी माझ्यातच घुसायच्या आणि कलकलाट करायच्या. तरी त्यांची ऊब बरी वाटायची. बागेत ताईने नव्या पेट्या मांडल्या होत्या. त्यांची गुणगुण कानावर आली की माझ्या अंगावर काटा यायचा. माझ्या सांध्यांत तो आजार अजून बसलेलाच होता ना!

यंदा ताईचा पाय मोडला. ती लेकीकडे गेली आणि माश्याही वहिनीच्या गळ्यात पडल्या. एका सकाळी नव्या पेटीतून फुटून निघालेला थवा लिंबाच्या फांदीला लटकला. वहिनीची तारांबळ उडाली. रिकामी पेटी एकही नाही! थवा उडून गेला तर वन्सं काय म्हणतील? तिची नजर माझ्याकडे वळली.

"इतकी वर्षं झाली, आता कसला आलाय आजार," ती स्वतःशीच म्हणाली. तिने मला उकळत्या पाण्याने घासघासून धुतलं, नव्या चौकटी घातल्या आणि थवा माझ्यात झटकला. मागाहून बाहेरून निळा रंगही दिला. मी किती ओरडले! पण पेटीचं कोण ऐकतंय?

माश्या जीव तोडून कामाला लागल्या. पोळी बांधली, पिल्लं झाली. आणि मग तो वास आला.

परवा ताई काठी टेकत घरी परतली. वहिनी हरखून म्हणाली, "ओळखा बघू, पेटी कुठली?"

ताईने वाकून माझ्या दाराशी वास घेतला. ती झटकन मागे सरकली.

"घासून धुतली हो वन्सं," वहिनीचा आवाज बारीक झाला.

"बाकीच्या पेट्यांतल्या माश्या हिच्यात शिरत होत्या का?"

"हो... मला वाटलं, ओळखीच्या आहेत, भेटायला येतात."

"मध चोरायला येतात गं! तोच मध घरी नेतात."

आता कुठल्या कुठल्या पेटीत आजार गेला, ते कुणालाच माहीत नाही. वहिनीने स्वतःच खड्डा खणलाय आणि मी त्याच्या काठावर बसले आहे. मित्रांनो, वस्तू जपा, जरूर जपा. पण जी वस्तू दुसऱ्याचा जीव घेते, तिचा लोभ धरू नका. मला जाळताना कुणी हळहळू नका. हळहळायचंच असेल तर या माश्यांसाठी हळहळा.

जाळण्याआधी सगळ्या माश्या घरी आल्यावरच पेटीचं दार बंद करायचं असतं, म्हणजे एकही आजार घेऊन बाहेर राहत नाही. ऊन उतरलंय. पायांना पिवळे पराग लावून त्या बागेतून परततायत, आजारी पिल्लांना भरवायला. वहिनी दार बुजवायला हातात चिंधीचा बोळा घेऊन माझ्यापाशी बसली आहे.

"या गं, या," ती म्हणते आणि पदराने डोळे पुसते.