रणगाड्याचा रबरी पट्टा

संपतराव सैन्यात रणगाडा चालवायचे. निवृत्त होऊन घनसावंगीला आल्यावर, १९९६ साली, पुण्याच्या लेकीनं त्यांना सुटे भाग जोडून करायचा प्लॅस्टिकचा छोटा रणगाडा पाठवला. सगळं जमलं, पण दोन्ही बाजूंच्या चाकांवरच्या रबरी पट्ट्यांची टोकं डिंकानं चिकटेनात.

"खरा तर चालवत होता की तुम्ही," बायको चांगुणाबाई म्हणाल्या.

"त्याला लोखंडी पिना ठोकायचो. ह्याचं काही कळूनच न्हाई राह्यलं."

पट्ट्याच्या एका टोकाला बारीक खुंट्या होत्या, दुसऱ्याला भोकं. त्यांनी खुंट्या भोकांत घालून वरून तापलेला स्क्रूड्रायव्हर दाबला. खुंट्या वितळून चपट्या झाल्या, पट्टा जुळला. दुसराही तसाच जोडला.

मग पाहतात तर एका पट्ट्याची नक्षी पुढं तोंड करून, दुसऱ्याची मागं. बराबर कुठली, हे इतकी वर्षं चालवूनही त्यांना आठवेना. रणगाडा टीव्हीवर ठेवून ते नुसते बघत बसले.