हातभर फट

सालिफ इल्बुदोला मी आजवर दोनशे तरी शिव्या दिल्या असतील. त्यातल्या शेवटच्या दहा-बारा खऱ्या होत्या. त्याला फरक कळला नाही, आणि त्यात अर्धा दोष माझा.

तो मोसी जमातीचा, मी सामो जमातीची. आमच्याकडे मोसी आणि सामो समोरासमोर आले की एकमेकांची लाज काढल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. मी कुत्र्याचं मुंडकं खाणारी, तो गाढवाचं. कुणी रागवायचं नाही, ही पणजोबांच्याही आधीपासूनची अट. मयताच्या दारात सामोने मोसीची टर उडवली तर रडणारेसुद्धा हसतात. रीत चांगली आहे, तिने पुष्कळ भांडणं वाचवलीत. पण माणसाला खराखुरा राग आला तर तो ठेवायला त्या रीतीत जागा नाही.

मी घरांचे नकाशे काढते. शाळा सहावीपर्यंत. कुदुगुमध्ये एका नकाशेवाल्याच्या कचेरीत मी झाडू मारायची आणि चुकलेले कागद घरी नेऊन रेघ न् रेघ गिरवायची. कचेरीच्या दाराशी सालिफची आई, तेंपोको, चवळी-भाताचं भांडं घेऊन विकायला बसायची. माझ्या वाटीत रोज एक डाव जास्त पडायचा. "खा गं, कुत्रेखाऊ. उपाशीपोटी रेघ वाकडी येते," म्हणायची. तिच्या त्या चवळीवरच मी शिकले.

गेल्या एप्रिलमध्ये तेंपोको भर दुपारी तिच्या पत्र्याच्या खोलीत कोसळली. मोपेडवर दोघांच्या मध्ये बसवून दवाखान्यात नेली, दोन दिवस सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, अशी आणखी एक दुपार हिला झेपणार नाही.

मग परदेशात कमावणारा सालिफ अबिजानहून आला. मला सगळे तांती, म्हणजे मावशी, म्हणतात. "तांती, आईला घर बांधायचंय. नकाशा तुझाच हवा म्हणते. आजारपणात डोकं फिरलंय तिचं."

"डोकं शाबूत आहे म्हणूनच तिने तुला समुद्रापलीकडे हाकललं होतं, गाढवा."

"अबिजान समुद्रापलीकडे नाही, तांती."

"मग जवळच हाकललंय. चूकच झाली."

असे हसत-हसत आम्ही नकाशा ठरवला. दाबलेल्या मातीच्या विटांच्या जाड भिंती. खोलीवर मातीचंच छत. त्याच्यावर पत्रा, पण छताला टेकलेला नाही, लोखंडी पायांवर उचललेला, मध्ये चारी बाजूंनी हातभर फट. ऊन पत्र्याने खायचं, वारा त्या फटीतून जायचा, खाली म्हातारीने झोपायचं. पश्चिमेच्या भिंतीला एकही खिडकी नाही, बाहेर फक्त रुंद ओसरी. वीज लागेल ती एका दिव्यापुरती आणि पंख्यापुरती. वीज गेली तरी घर थंड.

फेब्रुवारीत बुरैमा गवंडी फोनवर सहज म्हणाला, "तांती, ती फट बुजवतोय हं. सालिफ म्हणतो, टोपी वाऱ्याने उडाल्यासारखं दिसतं. पश्चिमेला मोठी काच लावणार, रस्त्यावरून घर दिसायला पाहिजे. ओसरी काढली."

मी ओरडले. "बुजवलीस तर तुझी हाडं मी माझ्या कुत्र्यांना घालीन!"

बुरैमा खदाखदा हसला. फोन स्पीकरवर होता, मागे सालिफही हसला. "कुत्र्यांना कशाला तांती, तूच खा!"

मी पुन्हा फोन केला. म्हातारी मरेल, मूर्खांनो, म्हणाले. आणखी हसू. सालिफ म्हणाला, "दोन एसी लावतोय ना! या सामो बाईला वाटतं आपण अजून गुहेत राहतो." त्यांनी काम पुढे चालू ठेवलं. हसतच.

त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यांचा राग होताच, पण त्याहून जास्त माझा स्वतःचा. दोन महिने मी प्रत्येक गोष्ट थट्टेतून सांगितली होती. माझा शब्द कधीच पातळ होऊन गेला होता.

चौथ्या दिवशी भर तीनला मी तिथे गेले. वीज गेलेली. एसी भिंतीवर दोन पांढरी खोकी होऊन गप्प बसलेले. काचेतून ऊन थेट पलंगावर. पलंगाच्या कडेला तेंपोको, अंगाला गुंडाळलेलं कापड, तिचं पागनं, घामाने भिजलेलं, तोंड उघडं. मुलगा हौसेने घर दाखवायला घेऊन आला होता.

सालिफ हात पसरून पुढे आला. "आली बघा कुत्रे..."

मी गुडघे वाकवले. डोळे खाली घातले. अनोळखी वडीलधाऱ्याला करतात तसा नमस्कार केला. "सालिफ इल्बुदो साहेब, आपली तब्येत बरी आहे ना? घरची मंडळी बरी आहेत ना?"

तो थांबला. "हे काय?"

बुरैमाने पाण्याची वाटी पुढे केली. आमच्याकडे पाणी नाकारत नाहीत. मी दोन्ही हातांनी ती तशीच परत दिली.

"आपल्याला एक विनंती आहे. या घराच्या कागदांवरून माझं नाव काढावं. आपण मोठे आहात, आपल्याला योग्य वाटलं ते आपण केलंत."

"तांती, शिवी दे ना."

"आपल्याला शिवी देणारी मी कोण?"

त्याच्या कपाळावरचा घाम आता उन्हाचा नव्हता. सामोने मोसीला मान दिला याचा अर्थ आमच्याकडे पोराटोरांनाही कळतो: नातं संपलं. तो बुरैमाकडे बघायला लागला. बुरैमा पायाकडे.

"फोनवर... तू खरंच बोलत होतीस?"

मी पलंगाशी गेले. पागन्याच्या टोकाने तेंपोकोचं तोंड पुसलं. ती सावकाश म्हणाली, "सालिफ, मला माझ्या खोलीत परत ने."

"आई, ती खोली तर पत्र्याची..."

"मग ही कशाची आहे? तिथे निदान ही बाई मला शिव्या द्यायला येते."

सालिफ बाहेर गेला, मी आणि बुरैमा मागोमाग. मग त्याने स्वतःच हातोडा उचलला, शिडीवर चढला आणि फटीतल्या विटा फोडायला लागला. अबिजानचा इस्त्रीचा शर्ट, वर लाल माती. पाचवी-सहावी वीट पडली तेव्हा पत्र्याखालची कोंडलेली हवा भसकन बाहेर आली. खाली उभ्या बुरैमाने तोंड फिरवलं.

सालिफने वरून माझ्याकडे पाहिलं. वाट बघत होता, लहान मूल खाऊची बघतं तशी. माझ्या ओठांवर एक झकास शिवी आलेली होती. मी ती गिळली.

"आभारी आहे, साहेब," मी म्हणाले, आणि काचेकडे बघितलं.

"काच पण? तांती, ती राजधानीतून, वागाहून मागवलीय!"

"जशी आपली इच्छा, साहेब."

त्याने शिडीवरच डोळे मिटले. बुरैमाने एक शब्द न बोलता खिशातून टेप काढला आणि काचेच्या जागी किती विटा लागतील ते मोजायला लागला.