न विरघळणारी वडी

मित्रांनो, मी चॉकलेट घोटणारे एक जुने यंत्र आहे. माझ्या पोटात दगडी तळ आहे आणि त्यावर दगडाचीच दोन चाके फिरतात. भाजून सोललेले कोकोचे दाणे, साखर, दुधाची पावडर आणि कोको बटर, म्हणजे त्या दाण्यांतलाच स्निग्ध भाग, एवढाच माझा खुराक. जिभेला एकही कण टोचणार नाही इतके बारीक मी ते घोटत असे.

दोघा भावांनी मला जुन्या बाजारातून आणले. थोरला कारागीर होता, धाकटा दुकानोदुकानी माल पोचवी. नुसता वास घेऊन थोरला सांगे, "आज दाणे जरा जास्त भाजलेत." गिऱ्हाईक म्हणे, "तोंडात टाकलं की विरघळलंच!" तेव्हा माझ्याही अंगावर मूठभर मांस चढे.

मग थोरल्याला मोठा ताप आला. ताप उतरला, पण त्याची वास घेण्याची शक्ती गेली ती गेलीच. गोड तेवढे कळे. दूध, कोको, सगळे सारखेच. त्याने बायकोलाही सांगितले नाही. सांगितले फक्त धाकट्याला. धाकटा म्हणाला, "दादा, घाबरू नकोस. यापुढे माझी जीभ ती तुझी."

उन्हाळा आला. वाटेतच वड्या वितळू लागल्या, दुकानदार खोकी परत पाठवू लागले. एके सकाळी थोरला यायच्या आत धाकट्याने कोको बटरऐवजी माझ्यात दुसऱ्याच डब्यातली वनस्पती चरबी ओतली. स्वस्त, आणि उन्हातही घट्ट राहणारी. माझ्या चाकांना ती परकी लागली. पण यंत्राला कुठली आली वाचा? साखर थोडी वाढवली की थोरल्याला सगळे ठीकच वाटे. तो विचारी, "जमलंय ना रे?" धाकटा म्हणे, "झकास!"

एकदा थोरला मला टेकून बसला आणि एक तुकडा न चावता जिभेवर ठेवून राहिला. तुकडा विरघळेना. टाळूला मेणासारखा थर बसला. त्याने दुसरा तुकडा मुठीत धरला. बऱ्याच वेळाने मूठ उघडली, तर तुकड्याच्या कडा जशाच्या तशा.

"यात काय घातलंस?" त्याने विचारले.

धाकटा खोकी रचतच राहिला. मग म्हणाला, "माल परत येत होता, दादा. आता येतो का?"

"वेष्टनावर कोको बटर छापलंय आपण."

"कोण वाचतं? आणि तुला तर चवच कळत नाही. तुला काय फरक पडतो?"

थोरल्याने माझे बटण बंद केले.

धाकटा वेगळा झाला. बरेचसे दुकानदार त्याच्यासोबत गेले. त्या दिवशी थोरल्याने बायकोला सगळे सांगितले.

ती रडवेली झाली. "मला का नाही सांगितलंत?"

"तोंडावर चालणारा धंदा आपला. तोंडच गेलं, हे कोणत्या तोंडानं सांगू?"

आता ती चाखते, तो घोटतो. कधी ती म्हणते दूध जास्त झाले, कधी तो ऐकत नाही आणि दोघांची जुंपते. माल थोडाच निघतो. कितीतरी दिवस मी नुसतेच उभे असते. माझ्या दगडांवर धूळ बसते आणि ती पुसायचेही कुणाला सुचत नाही.

काल तिने हळूच विचारले, "भावोजींना बोलावू का?"

"बोलाव," तो म्हणाला. "आल्यावर भांडू नकोस. आपला एक तुकडा त्याच्या जिभेवर ठेव, बस."

धाकटा अजून आलेला नाही.

मित्रांनो, मिल्क चॉकलेट घेताना वरच्या चकचकीत चित्राला भुलू नका. वेष्टन उलटून आत काय घातले आहे ते वाचा. कोको बटरच्या जागी दुसरीच चरबी असेल, तर सावध व्हा. नुसत्या गोडव्यावर विश्वास ठेवू नका, त्याच्याआड बरेच काही लपते. घाईने चावूही नका. तुकडा जिभेवर ठेवा आणि जरा थांबा. चांगले चॉकलेट तुम्हाला फार वेळ थांबायला लावत नाही.