कळस उलटा दिसला म्हणून

मी एक जुनी, छोटी दुर्बीण आहे, आणि मित्रांनो, मी रागावलेली आहे. हातभर लांब नळी, पुढे एक भिंग, मागे डोळा लावायचं छोटं भिंग आणि खाली तिवई, एवढाच माझा संसार. खोक्यावर कारखानदारानं रंगीबेरंगी तेजोमेघ छापले, तो माझा गुन्हा नव्हे. बोलणी मात्र मलाच खावी लागली.

माझी पहिली मालकीण नंदा, बँकेत नोकरीला. तिनं मला जपलं. तिच्या मैत्रिणी मात्र सगळ्यात मोठं दाखवणारं भिंग लावून मला आकाशभर फिरवत आणि काही सापडलं नाही की मलाच टाकाऊ म्हणत. नाचता येईना अंगण वाकडं! आधी कमी मोठं दाखवणारं भिंग लावावं, चंद्रापासून सुरुवात करावी, एवढंही त्यांना सुचत नसे.

नंदाची बदली झाली, तेव्हा तिनं मला गंगेकाठी रामघाटावर राहणाऱ्या भाचीला, ईशानीला दिलं. तिथेच माझ्यावर खरा अन्याय झाला.

माझ्या पाठीवर एक चिमुकली शोधक दुर्बीण आहे. आम्ही दोघी एकाच जागी बघतो ना, हे दिवसाउजेडी लांबच्या वस्तूवर ताडून घ्यावं लागतं, नाहीतर आकाशात काही म्हणता काही सापडत नाही. ईशानीनं त्यासाठी संकठा देवीच्या देवळाचा कळस निवडला. तो बरोबर मधोमध आला, तशी तिनं कौतुकानं आजोबांना बोलावलं. वेणीमाधव आजोबा वेदपाठशाळेतले गुरुजी. त्यांनी डोळा लावला आणि दचकून मागे सरले. कळस खाली, देऊळ वर!

माझ्यातून सगळं उलटंच दिसतं. आकाशाला वरखाली नसतं, म्हणून आम्हाला तसंच घडवतात. पण ऐकतो कोण? हे अशुभ घरात नको, भंगलेल्या मूर्तीसारखं हिला उद्या सकाळी नावेतून गंगेत सोडायचं, असं ठरलं. ईशानी रडली. मी काय भंगलेली होते? माझ्या भिंगावर साधा ओरखडा नव्हता!

त्या दिवशी पौषातली संकष्टी होती. आजोबांचा उपास. पंचांगातली चंद्रोदयाची वेळ टळून गेली, तरी गंगेपलीकडच्या रेतीवर नुसतं धुकं. सगळे गच्चीवर ताटकळले. अखेर चंद्र वर आला आणि आजोबांनी अर्घ्य दिलं. तेवढ्यात ईशानीनं मला चंद्रावर रोखलं आणि त्यांचा हात धरला. नातीचं मन मोडवेना, म्हणून ते वाकले. खड्डे, डोंगर, डोंगरांच्या सावल्या. आजी पान वाढून हाका मारत होती, तरी ते वाकलेलेच राहिले.

"आजोबा," ईशानी हळूच म्हणाली, "चांदपण उलटाच दिसतोय. त्यालापण उद्या गंगाजीत सोडायचं का?"

आजोबांनी मान वर करून आकाशाकडे पाहिलं. मग म्हणाले, "कृत्तिका दिसतील का गं हिच्यातून?"

दिसल्या. ज्यांचं नाव जन्मभर म्हटलं, त्या चांदण्या त्यांनी पहिल्यांदाच अशा लखलखीत पाहिल्या. गुरूचे चंद्रही रांगेत उभे होते. सकाळी नाव आली आणि तशीच परत गेली.

माझी माफी मात्र कुणी मागितली नाही. उलट आजोबा आता रोज प्रेमानं उपरण्याच्या टोकानं माझं भिंग घासतात, आणि मित्रांनो, ते ओरखडे कधी जायचे नाहीत. भिंगाला बोट लावू नका, धूळ मऊ कुंचल्यानं झाडा. आणि उलटं दाखवते म्हणून कुणाला बुडवायला निघालात, तर आधी तिच्यातून एकदा चंद्र बघून घ्या.