खुर्शीदच्या षटकाराची शिळा

सुज्ञ वाचकहो, डोणगावच्या मैदानावर एका षटकाराची शिळा कशी उभी राहिली, ती कथा अल्पमतीने आपणांपुढे निवेदन करण्याचे योजिले आहे. चूकभूल पदरात घ्यावी.

डोणगावचे किसनराव पोटापाठी पुण्याकडे गेले आणि तीस वर्षे एका गोल्फ मैदानावर माळीकाम करीत राहिले. तेथे झाडांच्या बुंध्याशी पितळी पाट्या रोवलेल्या होत्या. अमुक साहेबांनी येथून एकाच टोल्यात चेंडू खळगीत घातला, सन अमुक. दर सोमवारी चिंच लावून त्या पाट्या घासताना किसनरावांच्या डोळ्यांपुढे मात्र आपल्या गावचे मैदान उभे राही. सन चौऱ्याऐंशी, पोळ्याचा दुसरा दिवस, गावातल्याच दोन संघांच्या सामन्याचा शेवटचा चेंडू, आणि खुर्शीदने हाणलेला तो षटकार! निंबाच्या शेंड्यावरून चेंडू जो कापसाच्या जिनिंगच्या आवारात गेला, तो गेलाच. साहेबांच्या पाट्या घासता घासता हात झिजले, पण आपल्या गड्याची एकही पाटी नाही, ही सल त्यांच्या उरातून गेली नाही.

निवृत्त होऊन गावी येताच त्यांनी मेहकरहून काळ्या दगडाची शिळा कोरून आणली. वर खुर्शीदचे नाव, खाली साल. खुर्शीद जेथे बॅट घेऊन उभा होता, तेथेच ती रोवली. दुसऱ्या दिवशी अनावरण ठरले.

सायंकाळी खुर्शीदची पत्नी जमीला तरातरा मैदानावर आली. खुर्शीद शिंपीकाम करीत. महिन्यापूर्वीच त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती.

"किसनभाऊ, जित्या माणसाच्या नावाचा दगड गाडून राह्यले तुम्ही? दवाखान्यातून कसंबसं घरी आणलं मी यायले!"

"भाभी, मान हाय हा. तिकडं साहेबलोकायच्या..."

"साहेबायचा मान साहेबायले लखलाभ! आपल्याकडं असा दगड कोणासाठी उभा करतात, मालूम नाही तुमाले?"

इतक्यात वाटेने जाणाऱ्या वच्छलाबाईंनी शिळेवर झेंडूची दोन फुले वाहिली आणि हात जोडून विचारले, "कोण गेलं बाप्पा?"

किसनरावांचे तोंड काळवंडले. शिळा उपटावी तर इतक्या वर्षांची हौस मातीत जाणार. ठेवावी तर या माउलीची झोप उडणार. त्यांनी दगडावर हात ठेवला. मग हळूच म्हणाले, "भाभी, तो बॉल मीच टाकला होता. उद्या कारागीर बोलावतो, न् याच्यावर सगळ्यात वर माझं नाव कोरतो. दगडाले कोणाले न्याचंच असन, तर पह्यले मले नेईन."

मागून काठी टेकत खुर्शीद आले होते. ते खदखदा हसले. "अबे किस्ना, सिक्सर मारला मी, न् नाव तुह्यं वर?"

"तुमी चूप बसा!" जमीला नवऱ्यावर डाफरली. मग तिने स्वतःच्या हाताने ती फुले उचलून वच्छलाबाईंच्या ओंजळीत परत दिली. "कोरा भाऊ तुमचं नाव. पण चांगलं मोठ्ठं कोरा."

आज त्या शिळेवर वर 'गोलंदाज किसनराव' आणि खाली 'फलंदाज खुर्शीद' असे कोरलेले आहे. आणि दररोज सायंकाळी ते दोघे वृद्ध तिला पाठ टेकून, तो चेंडू फुलटॉस होता की नव्हता, यावर कडाकडा भांडत असतात.

वाचकांनी अमूल्य वेळ दिला, त्याबद्दल अंतःकरणपूर्वक आभार मानतो.

आपला नम्र,
भगवंतराव लहाने, सुलतानपूर